विमाने वैष्णवीला, मोडका पंख तात्यांना

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, नकोशी सोनबा मारकड, वय वर्षे चोवीस, धंदा शिक्षिका, राहणार मारकडवस्ती, पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

मी हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. यापुढे ‘कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ असे लिहायची रीत आहे. दबाव आहे, पण तो हे लिहू नये असा आहे. आई दोनदा दारात येऊन म्हणून गेली, “अभद्र लिहीत बसू नगं.” मी तिला सांगितले की शेताची वाटणी लिहितात तसेच हे आहे. ती म्हणाली, “शेताला काय हुत न्हाय.”

कारण असे की माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. लहानपणी सांधे सुजून ताप येत होता, तेव्हाच ती बिघडली असावी असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा कुणाला ते कळले नाही, यात कुणाचा दोष नाही. पुण्यात ऑपरेशन ठरले आहे, येत्या अमावास्येनंतर. धोका किती ते डॉक्टरांनी आकड्यात सांगितले. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण हा कागद घरात मोठ्याने वाचला जाणार आहे आणि आई ऐकणार आहे.

कलम १. घर, जमीन, विहिरीतला हिस्सा यांपैकी माझ्या नावावर काही नाही आणि मी कधी मागितलेही नाही. पोस्टातल्या खात्यात जे असेल ते माझी धाकटी बहीण वैष्णवी हिच्या कॉलेजच्या फीसाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. त्यातून मांडव, भांडी, आहेर काही घेऊ नये. पदवीदान समारंभाला नेसलेली जांभळी साडी आईला. तिने ती नेसावी, पेटीत घालून डांबरगोळ्या टाकू नयेत. माझी पदवी भिंतीवर आहे तिथेच राहू द्यावी. आमच्या घरातली ती पहिलीच आहे. तिच्या शेजारी दुसरी लावता येईल एवढी जागा मी खिळा ठोकतानाच सोडली होती.

कलम २. माझ्या नावाविषयी. दोन मुलींवर मी तिसरी झाले, म्हणून पुढे मुलगी नको या इच्छेने माझे नाव नकोशी ठेवले. त्याचा उपयोग झाला नाही, माझ्यामागून वैष्णवी आली. शाळेत असताना नाव बदलून घ्यायला सांगायला लोक आले होते. मी बदलले नाही. माझ्या पदवीवर हेच नाव छापलेले आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पुढे कुणी दगडावर, पाटीवर, श्रद्धांजलीच्या फलकावर नाव लिहिलेच, तर हेच लिहावे. ‘कुमारी’ लावू नये.

कलम ३. माझ्याकडे रिमोटवर उडणारी विमाने आहेत. ती मला बारामतीच्या कॉलेजात आमच्या श्रीपाद सरांनी शिकवली. ते भौतिकशास्त्र शिकवत आणि दर शनिवारी आम्हाला मैदानावर नेत. वस्तीवरचे लोक या विमानांना खेळणी म्हणतात, म्हणून कोणती वस्तू काय आहे हे लिहिणे भाग आहे. नाहीतर माझ्यामागे ती भंगारात जातील.

पहिले विमान तयार आहे. पांढऱ्या फोमचे, पंख पाठीवर, म्हणजे वरच्या बाजूला बसणारे. डबा उघडायचा, पंख आणि शेपूट बसवायची, बॅटरी चार्ज करायची, की उडते. रिमोटसुद्धा त्याच डब्यात येतो. नवशिक्याने नेहमी असेच घ्यावे. पंख वर असले की विमान कलंडले तरी आपसूक सरळ व्हायला बघते आणि फोम फुटला तर गोंदाने चिकटतो. शाळेत दर रविवारी मी विमाने उडवायचा वर्ग घेते, त्यातल्या मुलींना मी हे विमान देते. ते शाळेच्या कपाटात राहील, किल्ली मुलींकडे राहील. पाहुण्यांना दाखवायला वर्षातून एकदा बाहेर काढण्यासाठी ते नाही. त्याला आधीच दोन चिरा पडल्या आहेत, त्यामुळे नवीन चिरेसाठी कुणाला रागावू नये.

मुलींनी एवढे पाळावे. रिमोट आधी चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर बॅटरी आधी काढायची, रिमोट शेवटी बंद. बॅटरी जोडलेली असताना नाकावरच्या फिरत्या पंख्यासमोर हात न्यायचा नाही, मोटर बंद दिसत असली तरी. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. विमान समोरून आपल्याकडे येत असले की डावे-उजवे उलटे होते, तिथे सगळेच चुकतात. तेव्हा डोके चालवत बसू नये. जो पंख खाली जातोय त्या बाजूला रिमोटवरची काठी ढकलावी, म्हणजे तो वर येतो.

कलम ४. दुसरे विमान अर्धे तयार आहे. अशा खोक्यात विमानाचे अंग, पंख, शेपूट, चाके बांधून मिळतात. बाकीचे आपण निवडून बसवायचे. हे पूर्ण वैष्णवीला देते, सुट्या सामानाच्या डब्यासह. त्या डब्याला आमचे चुलते तात्या तारांचा गुंता म्हणतात. तो गुंता नाही. मोटर आणि तिचा पंखा. मोटरला किती वीज जाऊ द्यायची ते ठरवणारा वेगनियंत्रक. चार सर्व्हो, म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान डब्या. त्यांचा प्लास्टिकचा हात हलतो, तार ओढली जाते आणि पंखाची किंवा शेपटीची फळी वळते. आणि रिसीव्हर, जो रिमोटचे ऐकतो आणि बाकीच्यांना सांगतो. सगळ्यात हलका तोच आहे आणि त्याच्यावाचून बाकी सगळे मुके.

वैष्णवी माझ्यापेक्षा चांगली उडवते. मी विमान जिवंत ठेवते, ती त्याला हवे तिथे नेते. ती आत्ता विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल कसा साधायचा, पंखाखाली दोन बोटे धरून तो कसा बघायचा, हे तिला सांगायला नको. तरी लिहिते: शेपूट जड राहू देऊ नकोस. नाक जड असले तर विमान रडतखडत उडते, शेपूट जड असली तर सावरतच नाही.

कलम ५. तिसरे विमान आता नाही. ते मी बाल्सा नावाच्या लाकडाचे, एकेक फासळी जोडून बनवले होते. त्याचे नाव टिटवी. आई म्हणाली, “टिटवी वरडली की इपरीत हुतं, असलं नाव ठिवत्यात व्हय?” मी म्हणाले की मलाही वाईटच नाव ठेवले होते, काय बिघडले.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या भागात ड्रोनची अफवा उठली. चोर आकाशातून घरे हेरतात म्हणून गावोगाव लोक काठ्या घेऊन पहारा देऊ लागले. मी अंधारात कधीही विमान उडवले नाही. त्या दिवशीही ऊन होते. धरणाचे पाणी मागे गेले की देवळाच्या बाजूला जे सपाट रान उघडे पडते, तिथे मी आणि वैष्णवी होतो. रस्त्यावरून माणसे धावत खाली आली. कुणीतरी म्हणाले, “खाली घ्या त्ये.” मी घेतले. घाबरून पाडले नाही, वारा नाकावर घेऊन चाकांवर उतरवले. गर्दीतून पहिली काठी पडली ती माझ्या चुलत्यांची, दादासो तात्यांची.

तात्यांना माहीत होते ते कुणाचे विमान आहे. सबंध हिवाळा टिटवी त्यांच्याच खाटेवर आढ्याला टांगलेली होती. नंतर मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मी न्हाय मारली असती तर लोकांनी त्ये इमान सोडून तुला धरलं असतं. मारकडाच्या घरात चोरांचं इमान हाय म्हनले असते. आपुन आधी मारलं म्हंजी लोक गप बसत्यात.”

हे खरे असेल. लोक गप्प बसले. पण विमान चांगले उतरले होते.

टिटवीचा उजवा पंख, मधून मोडलेला, मी तात्यांना देते. त्यांनी तो पूर्वीच्याच जागी, त्यांच्या खाटेवर टांगावा. आणि पंखाकडे बघून पुढचे कलम सात आठवावे.

कलम ६. चौथे विमान अजून विमान नाही. तो लाकडाचा कच्चा संच आहे, खोके फोडलेले नाही. आत बाल्साच्या पातळ फळ्या, कापून ठेवलेल्या फासळ्या, आणि विमानाएवढाच मोठा नकाशा. पहिल्या पगारात घेतला. टिटवी मोडल्यावर उघडायचे धाडस झाले नाही, मग धाप लागायला लागली. तो वैष्णवीला.

पण या संचाबरोबर एक गोष्ट लागते जी खोक्यात येत नाही. नकाशा टेबलावर पसरून त्याच्यावर फासळ्या टाचण्यांनी रोवतात आणि गोंद लावून सोडून देतात. ते हलवायचे नसते. हलले की पंखाला पीळ बसतो आणि पिळाचे विमान सरळ उडत नाही. असे एकेक करत महिने जातात. म्हणजे असे टेबल लागते जे रोज संध्याकाळी आवरून द्यावे लागत नाही. त्याच्यावर कुणी परात ठेवत नाही, भाजी निवडत नाही, पाहुणे आले म्हणून ते उचलत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला सासरी असे टेबल मिळते का, हे माझ्या दोन्ही थोरल्या बहिणींना विचारावे. एकीला शिलाई मशीन मिळाले आहे. त्याच्यावर टीव्ही आहे.

असे टेबल आपल्या घरात आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरे विकली त्यानंतर मेंढवाड्याचे दार पडून होते. मी टिटवी करायला घेतली तेव्हा आबांनी न बोलता ते दार दोन पिंपांवर आडवे टाकून दिले. त्या दारावर मी पदवीचा अभ्यास केला आणि विमान बांधले. ते मला वैष्णवीला द्यायचे आहे, पण ते माझे नाही. दार आबांचे आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही. मी फक्त मागू शकते.

कलम ७. हा कागद या कलमासाठी लिहिला आहे.

वैष्णवीचे लग्न अमावास्येच्या आत उरकायचे ठरते आहे. मुलगा डाळजचा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो साधा आहे. घाई त्याची नाही, आपल्या घराची आहे. मागच्या आठवड्यात अंगणात बोलणे झाले तेव्हा मी तिथेच बसले होते.

तात्या म्हणाले, “अमुशाच्या आत अक्षदा टाकून मोकळं व्हायचं. उद्या दवाखान्यात बरंवाईट झालं तर वरीसभर घरात मंगलकार्य न्हाय. पोरगा काय वरीसभर थांबतुया व्हय?”

आई म्हणाली, “भावजी, तिच्यासमोर नका बोलू.”

मी म्हणाले, “बोलू द्या. मी हाय अजून.”

“त्येच म्हनतुया मी,” तात्या म्हणाले. “तू हायेस तवरच. तुझ्या हातनं करवलीचा मान हुईल. चांगल्यासाठीच बोलतुया, पोरी.”

मी विचारले, “आणि मी बरी होऊन आले तर?”

“मग काय, डबल आनंद.”

आबा दोरी वळत होते. त्यांनी “बघू” एवढेच म्हटले. आमच्या घरात आबांच्या बघूचा अर्थ ज्याला जसा हवा तसा तो घेतो. तात्यांनी होकार घेतला.

तात्यांची रीत तीच आहे. भीती दाराशी यायच्या आत आपणच घाव घालायचा, म्हणजे ती गप्प बसते. टिटवीवर घातला, आता वैष्णवीवर. माझ्या मरणाला घाबरून जे लग्न लावता, त्यात माझे मरण तुम्ही आधीच धरून ठेवले आहे. ते मला रोज दिसते. डब्यात लाडू भरताना दिसते, मांडववाल्याला फोन करताना दिसते.

मी वैष्णवीला विचारले. ती म्हणाली, “ताई, आत्ता नाही म्हटलं आणि तिकडं तुला काही झालं, तर जन्मभर माझ्याच तोंडावर मारतील. तू नीट हो, मग बघू.” ती आबांचीच मुलगी आहे. घरात सगळ्यांना वाटते की खाली गेलेला पंख मी आहे. तसे नाही. मला डॉक्टर आहेत. खाली चाललेला पंख ती आहे आणि काठी सगळे उलट्या बाजूला ढकलत आहेत.

माझी कॉलेजातली मैत्रीण आसावरी म्हणाली, सांग त्यांना, लग्न पुढे ढकलल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही. मी तसे म्हणणार नाही. मला जगायचे आहे. मला ते खोके स्वतः उघडायचे आहे. मी माझा जीव कुणाविरुद्ध वापरणार नाही आणि त्याच्याशिवाय माझ्याकडे अडवायला काही नाही. हट्ट करून झाला, रडून झाले, जेवण सोडून बघितले तर डॉक्टर ओरडले. म्हणून हा कागद. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते हे मला माहीत आहे, तेव्हा फार उशीर झालेला असेल. त्यामुळे हे एक कलम मी जिवंत असताना, आज, लागू करावे अशी माझी विनंती आहे: वैष्णवीचे लग्न तिची पदवी होईपर्यंत करू नये. मी गेले तरी नाही, मी आले तरी नाही. मुलगा थांबला तर चांगलेच आहे.

या विनंतीला कायद्याचा आधार नाही. तिला फक्त तुमचा आधार आहे.

कलम ८. ऑपरेशनमध्ये मी गेलेच, तर दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून घाबरून कुणी कसलाही शब्द देऊ नये. ‘वैष्णवीचं चांगल्या घरी लावून देऊ’ असे तर मुळीच म्हणू नये. तात्या ते म्हणतील, म्हणून आधीच लिहिते. दहावा जिथे घालतात त्या घाटाच्या बाजूलाच आम्ही विमाने उडवत आलो, तिथले कावळे तसेही लांबच बसतात. इच्छा काय राहिली ते कलम सातमध्ये आहे. तेवढेच वाचावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीपाद सरांनी करावी. त्यांनी फोनवर होकार दिला आहे.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे सांगतात. म्हणून आसावरीला मी काही ठेवलेले नाही. ती म्हणाली, “फुकटात सुटलीस.” आणि म्हणूनच माझ्या वडिलांनाही, सोनबा मारकड यांना, या कागदात मी काही दिलेले नाही. एक चमचासुद्धा नाही. कुणाला वाटेल की राग आहे. राग नाही. मला त्यांची सही कलम सातच्या खाली हवी आहे. ‘बघू’ सही करून लिहिता येत नाही.

वाचनानंतर वाढवलेला मजकूर. वरील सर्व मी आज घराच्या ओसरीवर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. आई आणि वैष्णवी हजर होत्या. तात्या इंदापूरला मांडववाल्याकडे गेले होते. कलम पाचला आई उठून आत गेली आणि कलम सहाला परत आली. वाचून झाल्यावर मी कागद आणि पेन आबांपुढे ठेवले. मग आबांनी विचारले, “मला कायच न्हाय?”

मी म्हणाले, “दिलं तर तुमची सही चालत नाही.”

“बरं.” त्यांनी पेन घेतले, मग खाली ठेवले. “त्ये दाराचं परत वाच.”

मी कलम सहाचा शेवट परत वाचला. आबा म्हणाले, “लिही खाली. दार माझं हाय. त्ये मी वैष्णवीला दिलं.”

आसावरी म्हणाली, “आबा, साक्षीदाराला असं काही देता-घेता येत नाही या कागदात.”

“मी घेतुया कुठं? देतुया.”

ते सांगतील तसे मी लिहिले. त्यांचे शब्द बदललेले नाहीत:

“मेंढवाड्याचं दार मी वैष्णवीला दिलं, आत्ता, जित्तेपनी. त्येच्यावर तिनं त्ये लाकडाचं इमान मांडावं. त्ये सुकून हुबं राहीस्तवर दार कुनी हलवायचं न्हाय. पोरीलाबी न्हाय.”

आईने विचारले, “आन् भावजींना काय सांगायचं?”

आबा म्हणाले, “त्येला पंख दिलाय की.”

मग त्यांनी सही केली. वैष्णवी उठून मेंढवाड्याच्या दाराकडे गेली आणि त्याच्यावरची लग्नाच्या लाडवांची परात तिने उचलून खाली ठेवली.

ठिकाण: मारकडवस्ती, पळसदेव
दिनांक: ४ मे २०२५

लिहून ठेवणार: नकोशी सोनबा मारकड (सही)

साक्षीदार १: आसावरी, राहणार बारामती (सही)

साक्षीदार २: सोनबा भीमा मारकड, राहणार सदर (सही; ‘पोरीलाबी न्हाय’ या शब्दांवर बोट ठेवून, ते लिहिले आहेत याची खात्री करून घेतल्यावर)